सासऱ्यांची आंघोळ

माणसं पुढं का जातात याचं उत्तर माझ्या सासऱ्यांकडं तयार असतं. "संस्कार! आमी आळे गावची मान्सं कष्टाळू, म्हणून पुढं. डोंगरातली लई आळशी, म्हणून मागं." कालव्याचं पाणी दारात, मोटरचं बटण दाबायला गडी, आणि कष्ट कुणाचे तर म्हणे यांचे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मी वर डोंगरातल्या तळेघरकडची, त्यांची थोरली सून. भाकऱ्या थापता थापता हे सगळं ऐकून घेते.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं आणि धाकट्या दिराचं जमलं. जात एक, पत्रिका जुळलेली, तरी सासऱ्यांचं घोडं अडलं. "डोंगरातली एक बास झाली," म्हणाले. बहीण फोनवर ढसाढसा रडली. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, नाही म्हणा, पण एकदा घर तरी बघून म्हणा."

ऐन चैत्रात निघालो, दीरही सोबत. एसटीनं फाट्यावर सोडलं, पुढं पायपीट. वडील गेल्यापासून घरात आई आणि बहीण दोघीच. घामाघूम झालेले सासरे ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "आधी आंघोळ करतो."

पावसाळ्यात आमच्याकडं आभाळ फाटतं, पण ते सगळं पाणी उतारावरून पळून जातं. उन्हाळ्यात दरीतला एक झरा उरतो, करंगळीएवढा. पण पाहुण्याला पाणी नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, जीव गेला तरी नाही. घरात होते तेवढे दोन्ही भरलेले हंडे आईनं न्हाणीत नेऊन ठेवले. सासऱ्यांनी शेतातल्या मोटरखाली बसल्यागत तांब्यावर तांब्या ओतले, वर अभंगही म्हटला, आणि आतून आरोळी आली, "अजून एक बादली द्या वो!"

आई कावरीबावरी झाली. बहिणीनं रिकामे हंडे उचलले. "चला मामा, आणू या."

झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरेस्तोवर सासरे उन्हात बसून राहिले. चढताना एक हंडा त्यांच्याच खांद्यावर होता. वळणावरून खाली धरण दिसलं तसे ते थबकले. "अगं, एवढं पाणी व्हय! मग तुमी का घेत नाय?"

बहीण म्हणाली, "खालचं पाणी वर कोण चढवणार, मामा? ते कालव्यानं तुमच्यासारख्यांकडं जातं."

जेवायला बसल्यावर त्यांनी घसा खाकरला. "पोरगी द्या आम्हाला. डोंगरातल्या मान्सांच्या रक्तातच कष्ट असत्यात." घ्या! एका आंघोळीत आमचं रक्त बदललं.

दीर हरखला. बहीण म्हणाली, "येते. हा मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण घरात नळ हाय, म्हणून येते. नळ नसता तर इचार केला असता."

दिराचा चेहरा पडला. मी मान खाली घालून भात कालवत राहिले, कारण मीही नळ बघूनच होकार दिला होता.

आई मात्र खुशीत. हे लग्न सगळ्यात जास्त तिलाच हवं होतं. मी हळूच विचारलं, "आणि तू गं? आता पाणी कोण आणील?"

"मीच की," ती म्हणाली. "एकटीला कितीसं लागतंय?"