मुकादमाचे बूट

बागेतली दोन्ही तळी साफ करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे तळेकाका म्हणत. मागच्या तळ्यावर तिळाएवढ्या हिरव्या पानांची साय कायमची धरलेली होती. पुढचं तळं त्यांनी दोनदा आरशासारखं केलं आणि दोन्ही वेळा ते महिन्याभरात हिरवं झालं.

“काका, हात चालत नसतील तर घरी बसा,” मुकादम चारचौघांत म्हणाला. “पुन्हा शेवाळ दिसलं, तर दुसरा माणूस आणतो.”

ते शेवाळ नव्हे, एवढंही या शहाण्याला ठाऊक नव्हतं. त्यातलं प्रत्येक पान म्हणजे एक अख्खं रोप असतं. खाली केसासारखं एकच मूळ, आणि दोन-तीन दिवसांत एकाची दोन होतात. मुकादम मात्र रोज पाहणीसाठी मागच्या तळ्यात रुबाबात शिरायचा आणि तेच रबरी बूट घालून पुढच्या तळ्यात उतरायचा.

एकदा काकांनी दोन्ही तळ्यांमधल्या वाटेत स्वच्छ पाण्याची बादली ठेवली. “साहेब, चिखल लागलाय. जरा बूट बुडवा.”

आपला मान राखला जातोय असं वाटून त्याने दोन्ही पाय ऐटीत बुडवले.

आठवड्याने काकांनी तीच बादली सगळ्या माळ्यांसमोर आणली. पाण्यावर हिरव्या तिळांचा सडा पडला होता.

“ही घाण कुठली?”

“तुमच्या बुटांची, साहेब. आता मला घरी बसवायचं की त्यांना?”

माळी खाली बघून हसले. तेव्हापासून मुकादम काठावरूनच पाहणी करतो. पुढचं तळं स्वच्छ आहे, आणि ते आपल्या कडक देखरेखीमुळेच, असं तो पाहुण्यांना सांगतो.