पश्चिमेची भिंत

पेंटरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावत. दारात चपला काढायच्या, उजवा तळहात भिंतीवर सपाट टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा. "ही रंग पिणार." "हिला मीठ फुटलंय." "ही चांगली हाय, हिच्यावर काहीबी लिव्हा." मग ते घरातल्या माणसांकडे वळत आणि पाणी मागत. कोल्हापुरात चाळीस वर्षं त्यांनी भिंतींवर अक्षरं काढली. दुकानांची नावं, तालमींची नावं, खताच्या जाहिराती आणि आमच्या मोर्चांच्या घोषणा. भिंतीची कातडी त्यांच्याइतकी कुणाला कळत नव्हती. कातडीच्या आत काय असतं, ते बघायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती.

माझे वडील युनियनचे. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त, आणि मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. पुढे पत्रकं मीच लिहू लागले. मजकूर माझा आणि भिंत काकांची, असं आमचं चाले. ते माझा मजकूर वाचून म्हणत, "पोरी, एवढं लांब कोण वाचतंय? सायकलवरनं जाणाऱ्याला कळंल एवढंच लिही." मग फ्लेक्स आले आणि काकांचं काम दोन-तीन वर्षांत संपलं. आम्ही त्यावर चिडून बैठक घेतली. कारागिरांच्या बाजूनं ठराव केला, आणि त्या ठरावाच्या सभेचा फलक फ्लेक्सवरच छापून आणला. काका त्या सभेला आले होते. फलकाकडे बघून एवढंच म्हणाले, "अक्षर सरळ हाय."

त्यानंतर ते चंदगडकडच्या एका घराच्या मागे लागले. घर त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या माहेरचं. काकू एकुलती एक लेक, त्यामुळे वडील गेल्यावर घर त्यांच्याकडे आलं आणि बरीच वर्षं कुलपात राहिलं. मातीच्या भिंती, कौलांचं छप्पर, तीन खोल्या, मागे काजूची चार झाडं आणि एक जांभूळ. काकूंना दमा होता. कोल्हापुरातली त्यांची भाड्याची खोली हमरस्त्यावर, धूळ थेट अंथरुणावर यायची. त्या फार काही मागणाऱ्या बाई नव्हत्या. एवढंच म्हणायच्या, "एक पावसाळा तिथं काढायचाय मला. चुलीपुढं बसून कौलावरचा आवाज ऐकायचाय. मग काय व्हायचं ते होऊ दे." काकांनी ते मनावर घेतलं.

वयाच्या बासष्टाव्या वर्षी या माणसानं आयुष्यातलं पहिलं कौल हातात धरलं. गडी लावायला तयार नव्हते. "ज्या घरात ऱ्हायाचं ते सोताच्या हातानं उभं करायचं," असं त्यांचं म्हणणं. मला ते भारी पटायचं. सुट्टी मिळाली की मी एसटीनं जायचे आणि त्यांच्या हाताखाली राबायचे. छपरावर चढलेले काका एक सरळ करताना तीन कौलं फोडत. वर असतानाच त्यांना मागच्या वाफ्यात गवा दिसे. मग आरडाओरडा करत ते खाली उतरत, तोवर गवा मिरचीची रोपं तुडवून निघून गेलेला असे. रोपं उभी करण्यात दुपार जाई, आणि अंगणात वाळायला पसरलेल्या जळणाच्या लाकडांवर वळवाची सर येऊन जाई. काका ओल्या लाकडांकडे बघत, मोडक्या रोपांकडे बघत, मग उघड्या छपराकडे बघत आणि विडी पेटवत. पहिल्या वर्षी काकूंना निरोप गेला, यंदा जमत नाही, पुढच्या साली. दुसऱ्या वर्षीही तोच निरोप गेला.

चुलीच्या लाकडांचं तर जमतच नव्हतं. जांभळाची एक मोठी फांदी मोडली होती, ती काकांनी स्वतः फोडली आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून रचली. वरून फ्लेक्स टाकले, कुठल्या कुठल्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे. "शेवटी कामाला आलं बघ हे," काका म्हणायचे. पण फ्लेक्सखाली लाकूड घामेजायचं. काकूंनी कोल्हापुरातून सांगून पाठवलं होतं की जांभळीला दोन पावसाळे लागतात, वारा लागू द्या, झाकून कोंडू नका. आणि वाळलं का ते बघायची खूण म्हणजे दोन लाकडं एकमेकांवर मारायची. खण वाजलं तर वाळलं, धप वाजलं तर ओलं. काका दर आठवड्याला दोन लाकडं काढून मारत. धप.

तिकडचा पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो आणि चार महिने भिंतीला झोडपतो. म्हणून तिथली माणसं दरसाल उन्हाळ्यात भिंती शेणामातीनं लिंपतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेच्या भिंतीला गवताचा जाड पडदा बांधतात. त्याला झड म्हणतात. दिवाळीला झड सोडायची, उन्हाळ्यात पुन्हा लिंपायचं, पुन्हा बांधायचं. काकांना हे बघवेना. "दरसाल तेच तेच? एकदाच करायचं, पण कायमचं करायचं." त्यांनी भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचं ठरवलं.

इथं माझं लिहिणं माझ्यावरच येतं, पण ते टाळून हे चित्र पुरं होणार नाही. काका क्षणभर कचरले होते. काकूंनी फोनवर, "बाबा कधी सिमेंट लावत नव्हते," एवढं म्हटलं होतं. मी काकांकडून फोन घेतला आणि काकूंना भाषण दिलं. दरवर्षी शेण कालवायचं कुणी? बायकांनी. लिंपायचं कुणी? बायकांनी. परंपरेच्या नावाखाली बाईचे हात किती पिढ्या शेणात ठेवायचे? काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग हसल्या, खोकल्या आणि म्हणाल्या, "तुझं बरोबर हाय गं. पण त्या भिंतीला कुठं म्हाईत हाय ते?"

मी वाळू चाळली. मी सिमेंट कालवलं. काकांनी आयुष्यात केलं नव्हतं इतकं सुबक काम केलं, आरशासारखा गिलावा. तो सुकल्यावर रस्त्यावरून दिसेल अशा जागी तेलरंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सुमन'. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हातात ब्रश होता आणि हात जराही हलला नाही.

शेजारचे दत्तूअण्णा कुंपणाशी उभे राहून बघत होते. काका त्या गावचे जावई, त्यामुळे सगळं गाव त्यांना पावणं म्हणायचं.

"पावणं, झड बांधायची न्हवं यंदा?" अण्णांनी विचारलं.

"सिमेंटाला कसली झड, अण्णा?"

"व्हय की," असं म्हणून अण्णा हसले, जरा वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि आपल्या कामाला गेले.

तो पावसाळा काकांनी एकट्यानं काढला आणि भिंतीला काही झालं नाही. रोज सकाळी ते बाहेरून तळहात टेकवून बघत. ठणठणीत. पुढच्या जूनमध्ये काकूंना आणलं. मी बरोबर होते. एसटीतून उतरून काकू चालत आल्या, रस्त्यावर थांबून त्यांनी भिंतीवरचं आपलं नाव वाचलं आणि पदर तोंडाला लावला. "येवढं मोठं कशाला लिव्हायचं," म्हणाल्या.

त्यांना पाच आठवडे मिळाले. सिलिंडर आणला होता, पण त्या पावसात घरात ऊब ठेवायला चूल पेटती लागते, आणि लाकूड ओलं. घर धुरानं भरायचं. काकू खोकत, डोळे पुसत, फुंकर घालत आणि तरीही चुलीपुढून उठत नसत. मी गेले तेव्हा मला म्हणाल्या, "ऐक, कसं वाजतंय." कौलांवर पाऊस कोसळत होता. जेवताना सहज बोलल्यासारखं त्यांनी सांगितलं, "आवं, माझ्या उशाची भिंत लई गार लागतीया." काका उठले, इरलं घेऊन बाहेर गेले, भिंतीवर तळहात टेकवला आणि भिजत परत आले. "ठणठणीत हाय," म्हणाले. आतून हात लावायचं त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

जुलैतल्या एका दुपारी भिंत बसली. काकू तेव्हा अण्णांच्या घरी ताक आणायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. निरोप आल्यावर मी दुसऱ्या दिवशी पोचले. जमिनीतली ओल मातीत चढली होती, वरून केसाएवढ्या चिरांतून पाणी आत गेलं होतं, आणि सिमेंटानं ते बाहेर पडू दिलं नव्हतं. वर्षभर आतली माती गपचूप चिखल होत होती. भिंतीचा नुसता ढीग झाला होता. गिलाव्याचा एक मोठा पत्रा मात्र अखंड लाकडांवर उताणा पडला होता. त्यावर 'सुमन' हे नाव, पावसानं धुऊन स्वच्छ. काका त्याच्यापुढे उकिडवे बसले होते. "एक अक्षर फुटलं न्हाय बघ," ते म्हणाले.

अण्णा त्या मोकळ्या बाजूला झड बांधत होते. मी त्यांच्या अंगावर गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. झड बांधायची का म्हनून इचारलं न्हवं?" गाठ आवळत ते म्हणाले. "जावयाला दोनदा कसं सांगायचं, बाई?"

मला त्या मानपानाचा भयंकर संताप आला. त्यावर एक पत्रकच लिहायचं असं ठरवून मी एसटीत बसले. तालुक्याचं गाव येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की पावण्याला सांगणारे अण्णा एकटेच नव्हते. काकूंनीही सांगितलं होतं, आणि त्यांना गप्प करणारी मी होते. ते पत्रक मी लिहिलं नाही.

काकूंना पुन्हा हमरस्त्यावरच्या खोलीत आणलं. त्यांनी काकांना एका शब्दानंही दोष दिला नाही, आणि त्यामुळे काका जास्तच खचले. "निम्मा पावसाळा झाला की माझा," एवढंच त्या म्हणाल्या. संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. तेराव्यानंतर काका आमच्या घरी आले. दारात चपला काढल्या, आत आले आणि सरळ खुर्चीवर बसले. हात मांडीवर. माझ्या आईनं पाणी दिलं तेव्हा तिच्या ते लक्षात आलं असावं. ती पटकन आत गेली.

एप्रिलमध्ये ते गावी आहेत असं कळलं, म्हणून मी गेले. छपराची कौलं वानरांनी विस्कटली होती. वाफ्यात गवत माजलं होतं. पश्चिमेला अण्णांनी बांधलेली झड उन्हात पिवळी पडून अजून लोंबत होती, आणि तिच्यातून काकूंची झोपायची जागा दिसत होती. राहिलेल्या तीन भिंती मात्र ताज्या लिंपलेल्या होत्या. काकांच्या हातांना कोपरापर्यंत शेणमाती लागली होती.

"आता कुणासाठी, काका?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

लाकडांच्या ढिगाशी जाऊन त्यांनी फ्लेक्स बाजूला केला, जांभळाची दोन लाकडं काढली आणि एकमेकांवर मारली.

खण.

पुन्हा मारली. भांड्यासारखा स्वच्छ आवाज आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"सुमन म्हनायची तसंच वाजतंय न्हवं?"

मी हो म्हणाले. काकांनी दोन्ही लाकडं जिथून काढली होती तिथंच नीट बसवली, आणि फ्लेक्स ओढून घेतला.