रत्नाचं तीन काड्यांचं इंग्रजी

माझी धाकटी बहीण रत्ना चौथीपर्यंत शिकली. मी सातवी पास, म्हणजे आमच्या घरातला पंडितच. पण गेल्या श्रावणाच्या तोंडावर तिनं जे केलं, ते मला सात जन्मांत जमलं नसतं. घोटावड्यात मी ज्याला त्याला सांगत सुटलोय. आता लोक मला बघून रस्ता बदलतात, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

रत्नाबाईला तुम्ही कधी पाहिलं असेल तर विसरला नसाल. ठेंगणी, घट्ट अंबाडा, आवाज या बांधावरून त्या बांधावर जाणारा. लहानपणी एका एसटी कंडक्टरनं उरलेले सुट्टे दिले नाहीत, तर ही पोरगी दारातच बसली. गाडी हलू देईना! अख्ख्या गाडीनं वर्गणी काढून तिला उठवलं. ते असो. नवरा गेला तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची. पोर नाही, बाळ नाही. माझ्याकडे राहायला आली आणि नांदे गावात एका मोठ्या सोसायटीच्या पाळणाघरात आया म्हणून लागली. सहा वर्षं झाली. चौदा पोरं. कुणाचा बाप बंगालचा, कुणाची आई मद्रासकडची, आणि पोरं मात्र हिच्याकडून ‘लई भूक लागली’ म्हणायला शिकलेली.

तर जूनअखेरीला तिथल्या प्रमुख बाई नोकरी सोडून गेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णासाहेब, त्यांचा नातूही याच पाळणाघरात. त्यांनी सांगितलं, प्रमुख बाईला आईबापांशी फोनवर इंग्रजी बोलता आलं पाहिजे. नाहीतर पाळणाघर एजन्सीला देऊ, एजन्सी आपली माणसं आणेल. म्हणजे रत्ना आणि तिच्याबरोबरच्या दोन आया, तिघी घरी. रत्ना म्हणाली, “मी देते परीक्षा.” अण्णासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि पंधरा दिवसांनंतरचा रविवार दिला.

आमच्या माडीवर ऋतिका नावाची पोरगी भाड्यानं राहते. अमरावतीची, हिंजवडीच्या कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. रत्नानं तिला धरलं. ऋतिका म्हणाली, “मावशी, इंग्रजी तुम्हाला समजतंच की. सहा वर्षं ऐकताय. फक्त बोलायची वाक्यं घट्ट करू.” आणि तिनं पाळणाघरात लागतील अशी दोन-तीन शब्द जोडून होणारी क्रियापदं मराठी अक्षरांत, अर्थासकट लिहून दिली. लुक आफ्टर, म्हणजे सांभाळणं. रन आउट ऑफ. कम डाउन विथ, म्हणजे आजारी पडणं. पुट अप विथ, म्हणजे निमूट सोसणं. गेट अलाँग विथ, म्हणजे पटणं, जमणं.

रत्ना बसली एकेक शब्द पाठ करायला. रन म्हणजे पळणे, आउट म्हणजे बाहेर. संध्याकाळी भाकरी थापताना मला म्हणते, “दादा, रन आउट ऑफ मिल्क म्हंजी दूध संपलं म्हनं. यात पळालं कोन आन् बाहेर गेलं कोन?”

मला काय विचारतेस बाई! पण ऋतिका हुशार. ती म्हणाली, “काका, तुम्ही ‘बघतो’ म्हणालात तर काय होतं?”

“काय न्हाई. बघतो.”

“आणि ‘बघून घेतो’ म्हणालात तर?”

“मग भांडान!” मी म्हटलं. “मागं शेतशेजारच्या कैलासला बांधावरनं नुसतं ‘बघून घेतो’ म्हणालो, तर गडी थेट चौकीत गेला.”

“मग तिथं घेतलं कोणी आणि काय?” ऋतिका हसली. “तसंच हे. शब्द सुटे करायचे नाहीत.”

मला एकदम उजाडलं. रत्नाला नाही. ती नुसती मान हलवून चुलीकडे वळली.

तिला उजाडलं चिखलात. जमीन बरीचशी विकून आमच्याकडे दोन खाचरं उरलीत, तेवढा इंद्रायणी तांदूळ आम्ही करतो. लावणी चालली होती. भात लावताना रोपाची एकच काडी लावत नाहीत. दोन-तीन काड्या एकत्र धरून अंगठ्यानं चिखलात दाबतात, त्याला आम्ही चूड म्हणतो. लावायचं वाकून, आणि चालायचं मागं मागं. रत्ना अर्धी ओळ गेली असेल, ताडकन सरळ झाली.

“आगं, त्ये रन आउट ऑफ म्हंजी चूड हाय की!” एवढी मोठ्यानं ओरडली की बगळे उडाले. “तीन काड्या एका ठिकानी! एकेक लावली तर आडवी हुनार न्हाई तर काय!”

झालं! अंगठा दाबला की “रन आउट ऑफ!” पाऊल मागं. अंगठा दाबला की “कम डाउन विथ!” पाऊल मागं. शेजारची सगुणाबाई लावणीला आली होती, तिलाही चढलं. दुपारी बांधावरून मला हाक आली, “नथूभावजी, रन आउट ऑफ तंबाखू!” तीन दिवसांत दोन्ही खाचरं लावून झाली आणि ऋतिकाचा कागद सगळा पाठ. ऋतिकानं बांधावर उभी राहून मराठीत विचारावं, आणि रत्नानं चिखलातून इंग्रजीत उत्तर द्यावं. पुढचे दिवस ती अंगणातही तशीच वाकून, मागं चालत घोकायची. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिथंच आम्ही फसलो.

रविवारी दहा वाजता क्लबहाउसमध्ये मुलाखत. टेबलाच्या पलीकडे अण्णासाहेब आणि कमिटीतल्या नलिनीताई. अलीकडे चाकाची खुर्ची, तिच्यावर रत्ना. मी काचेच्या दाराबाहेर, दार थोडंसं उघडं. अण्णासाहेबांनी इंग्रजीत विचारलं, रोजचं काम सांगा. सोपा प्रश्न!

रत्ना गप्प. दुसरा प्रश्न. गप्प. तिचा उजवा अंगठा तेवढा मांडीवर दाबला जात होता. तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. अरे देवा, हिनं बसून एकदाही म्हटलेलं नाही!

अण्णासाहेबांनी एजन्सीचा कागद पुढं ओढला. रत्ना उठली.

“सायेब, मला माझ्या पद्धतीनं सांगू द्या.”

तिनं पदर खोचला, कमरेत वाकली, अंगठा हवेत दाबला. “आय लुक आफ्टर फोर्टीन चिल्ड्रन.” पाऊल मागं. “वन चाइल्ड कम डाउन विथ फीव्हर, आय फोन मदर.” पाऊल मागं. “वी रन आउट ऑफ मिल्क, आय टेल ऑफिस बिफोर.”

“अहो, हे काय चाललंय?” अण्णासाहेब उभेच राहिले.

“थांबा हो,” नलिनीताई म्हणाल्या, आणि रत्ना धडकू नये म्हणून धावत जाऊन मागची खुर्ची बाजूला केली. “त्यांना कडेपर्यंत जाऊ द्या.”

गेली की कडेपर्यंत! भिंतीला पाठ टेकली तशी सरळ झाली. आता तोंड उघडलेलं होतं, ते मिटणार नव्हतं. अण्णासाहेबांनी जरा अडवूनच विचारलं, पालकांशी तुमचं जमतं का?

“विथ चिल्ड्रन आय गेट अलाँग,” रत्ना म्हणाली. “विथ पेरेंट्स आय पुट अप. सिक्स ओक्लॉक क्लोजिंग. युवर ग्रँडसन, डेली सेव्हन ओक्लॉक. आय पुट अप विथ यू, सर.”

मी डोळे मिटून घेतले. संपलं म्हटलं सगळं. सेक्रेटरीच्या तोंडावर!

“सहा वर्षांत कधी बोलला नाहीत ते?” अण्णासाहेबांनी मराठीत विचारलं.

“आया बोलत न्हाई, सायेब. तिला घरी पाटवत्यात. परमुख बोलती. एजन्सीची नवी बाई तुमाला कशाला सांगंल?”

आधी नलिनीताईंना हसू फुटलं. अण्णासाहेबांचे कान लाल झाले होते. त्यांनी एजन्सीचा कागद उचलला, दुमडला आणि खिशात घातला. “उद्यापासून तुम्ही बघा,” म्हणाले.

आणि ही बया काय म्हणाली असेल? “माज्या दोगी आया ऱ्हातील का? न्हाईतर मला इचार करावा लागंल.”

मला राहवलंच नाही. दारातून मी ओरडलो, “आगं, हो म्हन की!”

“दादा, तू गप. कामाचं चाललंय.”

दोघीही राहिल्या. नलिनीताईंनी तिथंच किल्ल्यांचा जुडगा दिला. आम्ही स्कूटरवरून निघालो. घोटावड्याच्या फाट्याजवळ रत्नानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की गाडी वाकडी झाली.

“थांबीव! थांबीव!”

उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून दोघी आयांना फोन लावले. मला वाटलं, रडेल, हसेल. छे! “मिळालं,” एवढंच म्हणाली, आणि पुढं, “उद्या सातच्या ठोक्याला यायचं. उशीर मला चालनार न्हाई.”

फोन पदराखाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. “दादा, तूबी साडेसहाला गाडी काढून तयार ऱ्हा.”