इंदूरच्या आत्या सहल निवडतात

आमच्या हिच्या इंदूरच्या आत्यांना पुणं दाखवू शकेल असा नातेवाईक अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर आत्या त्याला दारातच विचारतील, "तुम्ही कुठल्या टूर कंपनीचे?" थंडी पडली की आत्या आठवडाभरासाठी आमच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटवर उतरायच्या. बरोबर एक छोटी बॅग, एक मोठी पर्स आणि शेवेचं भलंमोठं पाकीट. पहिल्या वर्षी मी उत्साहानं रजा काढली, गाडी धुवून घेतली आणि चहाच्या वेळी जाहीर केलं, "आत्या, उद्या शनिवारवाडा, परवा पर्वती, तुम्ही फक्त बसा." आत्यांनी कप खाली ठेवला. "जावईबापू, तुम्ही गाइड आहात का?" मी म्हटलं, "गाइड नाही, पण जन्मापासून इथंच राहतो." "मी जन्मापासून इंदुरात राहते," त्या म्हणाल्या, "राजवाडा आतून एकदाच बघितला. तोही पाऊस आला म्हणून आडोशाला शिरले तेव्हा." मी रागावलो नाही, हबकलो. पुण्यात जन्मलेल्या माणसाकडून पुण्याची माहिती घ्यायची नाही, असं म्हणणारा मनुष्यप्राणी तोवर माझ्या पाहण्यातच नव्हता.

सहल निवडणं हा आत्यांचा सहलीपेक्षा मोठा कार्यक्रम. सकाळी आंघोळ झाली की हॉलमधल्या खुर्चीत बसायचं, फोन स्पीकरवर टाकायचा आणि पुण्यातल्या एकेका सहलवाल्याला उभाआडवा घ्यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "स्वच्छतागृहं कुठे कुठे आहेत ते आधी सांगा, देवळं मग." महाबळेश्वर त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं. "सगळे पॉइंटच पॉइंट. आमच्या घरच्या भांडणात इतके पॉइंट निघत नाहीत." लोणावळ्याला नकार देताना म्हणाल्या, "चिक्की इंदुरातही मिळते, आणि तिच्यासाठी बोगदे ओलांडावे लागत नाहीत." एका ऑफिसातली मुलगी फार गोड बोलत होती. "मॅम, फुल एन्जॉयमेंट आहे, बसमध्ये म्युझिक, गेम्स, अंताक्षरी!" आत्यांनी तितक्याच गोडपणे सांगितलं, "मग मी नाही येत, बाळा. अंताक्षरीत माझ्यावर कायम 'ठ' येतो." मी पेपरामागे तोंड लपवून बसलो होतो, कारण पुढचा फोन कुणाला जाणार हे मला ठाऊक होतं. आमच्याच पेठेत एक गृहस्थ एकट्यानं सहली चालवत. बोलायला इतके तुटक की त्यांच्याकडे चौकशीला गेलेली माणसं तशीच घरी येऊन झोपत.

"बोला," पलीकडून आवाज आला.

"सहलीची चौकशी करायची होती."

"करा."

"बस कशी आहे?"

"चाकांवर चालते."

"जेवण घरगुती असं लिहिलंय. कुणाच्या घरचं?"

"आमच्या."

"करतं कोण?"

"मी."

आत्यांच्या भुवया वर गेल्या. "तुम्हाला येतो स्वयंपाक?"

"न येणारा माणूस तिकीट लावून लोकांना खायला घालेल का?"

"पुण्यात घालतात असं ऐकून आहे, म्हणून विचारलं," आत्या म्हणाल्या.

 मी पेपर खाली केला. एका अस्सल पुणेकराला फोनवर निरुत्तर झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. थोड्या वेळानं आवाज आला, "नाव सांगा बाई. जागा ठेवतो." पण आत्या अशा लगेच बसमध्ये चढणाऱ्यांतल्या नव्हेत. गाइडची परीक्षा म्हणून त्यांनी आधी त्याच गृहस्थांची रविवारची पेठांमधली पायी फेरी घ्यायची ठरवली, आणि तिथं माझी जी काही अब्रू होती ती गेली.

झालं असं, की रविवारी सकाळी मी गॅलरीत उभा राहून दात घासत होतो. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. खालून घोळका आला. पुढे सत्तरीचे, काटकुळे, डोक्यावर क्रिकेटच्या पंचासारखी पांढरी हॅट घातलेले गाइड. मागे कॅमेरे लटकवलेली परगावची मंडळी, आणि त्यांच्यात पायात नवे कोरे बूट घातलेल्या आत्या. गाइडनी आमच्या इमारतीकडे हात करून सांगितलं, "इथं पूर्वी बघण्यासारखं काहीतरी होतं." सगळ्यांनी माना वर केल्या. मी दिसलो. आणि आत्यांनी, ज्यांनी तासाभरापूर्वी माझ्याच डायनिंग टेबलावर पोहे खाल्ले होते, खालून खणखणीत आवाजात विचारलं, "अहो, आपण इथं कधीपासून राहता?" मला वाटलं, त्यांना भोवळबिवळ आली. मी घाबरून ओरडलो, "आत्या! बरं वाटतंय ना?" त्या शेजारच्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "बघा, इथले लोक किती लाघवी. कुणालाही आत्या म्हणतात." कुणीतरी माझा फोटो काढला. ब्रश तोंडात तसाच राहिला. दुपारी मी जाब विचारला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "सहलीत नाती मध्ये आणायची नसतात. गाइड मात्र चांगला आहे. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणतो." गाइड पास झाले. बुधवारची खडकवासला-सिंहगड सहल ठरली.

बुधवारी सकाळी आत्या आनंदात निघाल्या. ही ऑफिसला गेली, मी घरी बसून काम करत होतो, आणि जेवणाच्या आधीच अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुम्ही जावईबापू का?" एक घाईतला बायकी आवाज. "धायरीच्या हॉस्पिटलमधून बोलतेय. पेशंट आणलाय, छातीत दुखतंय. आत्याबाईंनी तुमचा नंबर दिलाय. लगेच या." फोन बंद. मी परत लावला, कुणी उचलेना. आत्यांचा फोनही लागेना.  हिला काय सांगायचं? इंदूरला काय कळवायचं? आधी डोळ्यांनी बघू, मग सांगू, असं ठरवून मी स्कूटर काढली. सिंहगड रस्त्यावरची गर्दी मी एरवी शिव्या देत पार करतो. त्या दिवशी तेवढंही सुचलं नाही.

हॉस्पिटलात नर्सनं एका पडद्याकडे बोट दाखवलं. मी चेहरा शक्य तितका धीराचा केला आणि पडदा सरकवला. पलंगावर छातीला वायरी लावलेले, हॅटशिवाय अगदीच केविलवाणे दिसणारे गाइड पडले होते.

"आत्या?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"मी आत्या दिसतो का?" गाइड म्हणाले.

मी मटकन स्टुलावर बसलो. मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. खडकवासल्याच्या पाण्याकाठी ते धरणाची माहिती सांगत होते. सगळे पाण्याकडे बघत होते, एकट्या आत्या त्यांच्याकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तुम्हाला घाम का येतोय?" ते म्हणाले, "ऊन आहे." आत्या म्हणाल्या, "डिसेंबर आहे." त्यांनी हात झटकला, तर आत्यांनी त्यांना धरून खाली बसवलं आणि ड्रायव्हरला बस मागे फिरवायला लावली. दोन-तीन प्रवासी कुरकुरले, आमच्या सिंहगडाचं काय म्हणून. त्यांना आत्यांनी सांगितलं, "सिंहगड शेकडो वर्षं उभा आहे, आणखी तासभर राहील. यांचं मला सांगता येत नाही." डॉक्टरांचं म्हणणं, वेळेवर आणलं. रक्तवाहिनीत अडथळा होता, त्यांचा मुलगा विश्रांतवाडीहून निघाला होता, तो आला की अडथळा काढायला आत नेणार होते.

"आणि आत्या कुठायत?" मी विचारलं.

"माझी बस घेऊन गेल्यात."

"कुठे?"

"सिंहगडावर. म्हणाल्या, लोकांनी पूर्ण दिवसाचं तिकीट काढलंय, आणि इथं आमचे जावई बसतील."

 ज्या बाईंनी सिंहगड जन्मात पाहिला नव्हता, त्या बसभर माणसांना तो दाखवायला गेल्या होत्या, आणि ज्या माणसाशी माझी ओळख गॅलरीतून झाली होती, त्याच्या उशाशी मी नातेवाईक म्हणून बसलो होतो. गाइडना मात्र वेगळीच चिंता. "ड्रायव्हरला फोन लावा," ते म्हणाले, "स्पीकरवर ठेवा. ऐकू दे मला, काय सांगतायत त्या."

ड्रायव्हरनं फोन तसाच हातात धरून ठेवला असावा. आधी वारा ऐकू आला, मग आत्यांचा आवाज. "हा दरवाजा. नाव पाटीवर लिहिलंय, ज्यांना येतं त्यांनी वाचा. इथं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, आणि जे सिनेमातून माहीत आहे ते मी सांगणार नाही. दगड बघा. हात लावून बघा. इतकी माणसं येऊन गेली म्हणून गुळगुळीत झालेत."

"अहो, इतिहास सांगा त्यांना!" गाइड उशीवरून मान उचलून म्हणाले. नर्स धावत आली. मी त्यांना खांद्याला धरून झोपवलं.

"आता सगळ्यांनी खाली बसा," फोनमधून आत्या म्हणत होत्या. "फोटो नको. बोलायचं नाही. समोर डोंगर आहेत, त्यांची नावं गाइड बरे झाले की ते सांगतील. मला नाही ठाऊक."

आणि मग खरोखरच कुणी बोललं नाही. एरवी पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर ओरडणारी ती मंडळी गप्प बसली होती आणि फोनमधून नुसता वारा येत होता. गाइडनी डोळे मिटले. मी पटकन यंत्राकडे पाहिलं, तर रेघ व्यवस्थित चालली होती. "इतकी वर्षं मी तिथं बडबडत आलो," ते पुटपुटले. मग एकदम डोळे उघडून माझं मनगट धरलं. "त्यांना सांगा, कल्याण दरवाजाकडे उतरताना म्हाताऱ्या माणसांना आधार घ्यायला सांगा. पायऱ्या उंच आहेत." मी ड्रायव्हरला ओरडून निरोप सांगितला. तिकडून आत्यांचा आवाज आला, "सांगून झालंय. म्हातारी मीच आहे."

मुलगा आला तो घामाघूम होऊन, आणि आल्या आल्या वडिलांवर डाफरला, "कितीदा सांगितलं बाबा, घरी बसा म्हणून!" बोलताना त्याचा आवाज फाटत होता. त्यांना आत नेलं. मी जाऊ शकलो असतो, पण पाय निघेना. दुपार कलल्यावर बस दाराशी लागली आणि आत्या एकट्या उतरल्या, हातात गडावरच्या दह्याचं मडकं. सगळ्या प्रवाशांना आत यायचं होतं, पण त्यांनी परत पाठवलं होतं. त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि विचारलं, "आहेत ना?" मी म्हटलं, "आत नेलंय. अजून बाहेर आले नाहीत." तेव्हा मला दिसलं, त्या मडकं दोन्ही हातांनी घट्ट कवटाळून बसल्या होत्या. मी ते काढून घेतलं. त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत मला याचाच धक्का जास्त बसला. आत्या घाबरतात हे मला माहीतच नव्हतं.

"आमच्या ह्यांना असाच घाम आला होता," त्या म्हणाल्या. "एका नातेवाइकांच्या लग्नाच्या मांडवात. आम्ही सगळे म्हणालो, ऊन आहे. मीही म्हणाले. पंख्याखाली बसवलं आणि सरबत दिलं."

 मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला राग येतो ना, मी तुमच्याबरोबर फिरत नाही म्हणून? ते गेल्यापासून घरचं कुणी बरोबर आलं, की जागेकडे बघतच नाही. माझ्याकडे बघत राहतात. दमले का, रडले का, आठवण आली का. मग मलाही काही दिसत नाही. सहलीतली माणसं बिचारी मला ओळखत नाहीत. माझ्यासमोर निवांत भेळ खातात."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं ठीक झालं. मुलगा रडायला लागला. आत्या उठल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांना घरी बसा म्हणू नका. घरी बसून बरं वाटत असतं, तर मी इंदुरातच नसते का बसले?" मग त्यांनी माझ्याकडचं दह्याचं मडकं त्याच्या हवाली केलं आणि मला म्हणाल्या, "चला. मला भूक लागलीय." गाइडना दुसऱ्या दिवशी भेटायला गेल्या, तेव्हा पहिलं वाक्य गाइडचं होतं, "सहल वेळेत संपली का?" आत्या म्हणाल्या, "वेळेआधी. मला सनावळ्या येत नाहीत." ते हसले. त्यांना हसताना मुलानंही बऱ्याच दिवसांनी पाहिलं असावं.

त्यानंतर आत्या दोन हिवाळे आल्या, दोन्ही वेळा फोनवर अख्ख्या पुण्याची उलटतपासणी घेतली आणि शेवटी त्याच बसमध्ये बसल्या. गाइड आता स्वयंपाकाला माणूस ठेवतात आणि गडावर कमी बोलतात. मागच्या वर्षी आत्यांचा मुलगा त्यांना बंगळुरूला घेऊन गेला. गुडघे कुरकुरतात, विसरायलाही होतं. फोनवर हिला विचारतात, "पुण्यात थंडी पडली का गं?" पडली म्हटलं की पुन्हा तेच विचारतात, आणि मग पलीकडून कुणीतरी फोन घेतं.

परवा गाइडचा फोन आला. "बोलतोय," ते म्हणाले. "आत्याबाई यंदा येणार का?"

"अवघड दिसतंय," मी म्हटलं.

"हं. त्यांची पुढची खिडकीची जागा मागतायत लोक. देऊन टाकू?"

"द्या ना."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "राहू दे," शेवटी म्हणाले, "बस सुटेपर्यंत थांबतो." आणि फोन ठेवून दिला.