पटांगणावरचा जिल्हा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळ जिल्ह्याची उत्तर दिशा जागची हलवून आमच्या मुख्याध्यापकांच्या ऑफिसच्या दारात आणून ठेवण्यात आली होती. हलवणारे ते, रंगवणारा मी, शाळेचा चित्रकला शिक्षक.

त्यांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार हवा होता. हवा म्हणजे असा की सत्काराची सफारी आधीच शिवून आली होती आणि तिची बटणं ते अधूनमधून लावून पाहत. तेव्हा कापसाचे हाल बघायला साहेबलोक गाड्या भरून येत, बांधावर उभे राहून माना हलवत आणि जाता जाता एखादी शाळा पाहत. अशा साहेबाचा चांगला शेरा मिळाला की पुरस्कार आपलाच, अशी सरांची खात्री. त्यासाठी त्यांनी पटांगणातल्या सिमेंटवर माझ्याकडून अख्खा जिल्हा रंगवून घेतला.

"सर, ऑफिस पश्चिमेला आहे," मी म्हणालो.

"नकाशात उत्तर कुठं असते?"

"वर."

"अन् या शाळेत वर कोण बसते?"

झालं. त्या दिवसापासून सूर्य आमच्या शाळेपुरता उत्तरेला मावळू लागला. पोरांनी हे मुकाट्याने मान्य केलं. शाळेत शिकवलेलं आणि बाहेर दिसणारं यांचा संबंध नसतो, हे त्यांना पहिलीतच कळलेलं असतं.

पण सरांची प्रतिभा इथे थांबणारी नव्हती. त्यांनी एकेका तालुक्यावर एकेक पोर नेमलं. प्रार्थना झाली की शिट्टी, शिट्टी झाली की पोरं धावत आपापल्या तालुक्यात. याला ते 'जिवंत नकाशा' म्हणत. महिन्याभरात पोरांची नावंच गेली. "घाटंजी मले चिमटे घेऊन राह्यली जी!" "ए पुसद, सरक ना तिकडं, काहून ढकलून राह्यला?" सर स्वतः ओरडत, "उमरखेड, नाक पूस!" पोरांना जिल्हा तोंडपाठ झाला म्हणून सर खूश. पाठ झालं होतं ते एवढंच: वणी म्हणजे दोन वेण्या, दिग्रस म्हणजे फाटकी चड्डी, आणि उमरखेड म्हणजे सारखं नाक ओढणारा उंच पोरगा. रंगवलेल्या रेषांकडे कोणी कशाला बघेल? मी रंगाचे दोन-दोन हात दिलेल्या रेषा होत्या त्या!

साहेब यायचे त्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं. झाडावर कापूस फुटलेला, बाजारभावाची ती गत, मजूर लावणं कोणाला परवडणार? घरचीच माणसं वेचणीला निघाली आणि निम्मा जिल्हा त्यांच्याबरोबर गेला. सरांनी मला पोरं गोळा करायला लुनावर पिटाळलं. पहिल्याच बांधावर एक बाई कमरेच्या ओटीत कापूस कोंबत म्हणाली, "गुरुजी, कापूस भिजला तं तुमचे साहेब वाळवाले येतीन काय?" उमरखेड तिच्या मागच्याच ओळीत वाकलेला होता. त्याने माझ्याकडे पाहून नाक ओढलं. मी लुना वळवली.

परत आलो तर साहेब पोचले होते. सर सफारीत. शिट्टी वाजली, उरलेली पोरं धावली. राळेगाव ओस, नेर ओस, आणि पार खाली, फाटकाच्या बाजूला, उमरखेड ओस. "काही तालुके थोडे विरळ आहेत साहेब," असं म्हणून सर एकटेच हसले.

साहेबांना सावलीत जायची घाई होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं, शेऱ्याची वही उघडली आणि जवळच्या चिमुरडीला सहज विचारलं, "सांग बाळ, उमरखेड कुठे आहे?"

ती होती महागाव. उमरखेड तिच्या पायाला लागून होतं. नुसतं बोट खाली करायचं होतं. सर साहेबांच्या पाठीमागून दोन्ही हातांनी जमीन दाखवत होते, भुवयांनी दाखवत होते, शेवटी सफारीसकट खाली वाकले. पोरीने शेजारची रिकामी जागा नीट पाहिली. मग साहेबांकडे मान वर करून, रोज शिकवल्याप्रमाणे खणखणीत आवाजात सांगितलं:

"उमरखेड नाही आला जी आज! तो कापूस वेचाले गेला!"