वहीत न लिहिलेल्या मुंग्या

पेशीला दुभंगताना काही प्रथिनं लागतात, आणि काम झालं की ती नष्ट करावी लागतात. नको झालेल्या प्रथिनावर पेशी खूण चिकटवते. खूण असली की पेशीतलं पिंपासारखं एक यंत्र त्याचे तुकडे करतं. ते वेळेवर झालं नाही तर विभाजन मध्येच अडकतं. लखनऊच्या एका संशोधन संस्थेत मी बरीच वर्षं एवढंच पाहत होतो. दर अर्ध्या तासाने पेशी काढायच्या आणि प्रथिनाचा काळा पट्टा फिल्मवरून कधी नाहीसा होतो ते वहीत लिहायचं. महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरी पोचायला उशीर झाला की बायको दारातच विचारायची, "मेलं का तुमचं प्रथिन?"

"मेलं."

"सुटलं बिचारं. हात धुवा, आमटी तिसऱ्यांदा गरम करतेय."

तिला अस्थिमज्जेचा कर्करोग झाला तेव्हा डॉक्टरांनी जे इंजेक्शन सुचवलं ते नेमकं हेच यंत्र बंद पाडणारं होतं. त्या जातीचं औषध आम्ही प्रयोगशाळेत नेहमी वापरत असू. मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. जेवताना मी तिला समजावून सांगितलं: या रोगट पेशी भरमसाट प्रथिनं बनवतात; ती मोडणं थांबलं की त्या आपल्याच कचऱ्याखाली गुदमरतात.

"म्हणजे कचऱ्याची गाडी बंद पाडायची," ती म्हणाली. "मग बाकीच्या घरांचं काय?"

"त्यांच्याकडे एवढा कचरा नसतो."

उत्तर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. हे औषध मज्जातंतूंना सोसत नाही हे मला ठाऊक होतं. तिला कशाला घाबरवायचं, म्हणून मी तिथेच थांबलो.

मग मी तिचीही वही केली. ताप, वजन, भूक, रक्ताचे आकडे. डॉक्टर विचारत, "कोई दिक्कत, भाभीजी?" आणि ती तोंड उघडायच्या आत मी वही उघडत असे. ती नुसती हसून म्हणे, "नहीं, सब ठीक है." रोगाचे आकडे उतरत होते. मी आलेख काढून तिला दाखवायचो, आणि ती चष्मा लावून पाहायची.

जानेवारीच्या कडाक्यात मुलगी सुट्टीला घरी आली होती. दोघी हीटरपाशी बसल्या होत्या. एकदम मुलगी ओरडली, "आई, ये क्या हुआ? पैर जल गया आपका!" तळपायावर रुपयाएवढा फोड आला होता. बायको त्याच्याकडे दुसऱ्याचा पाय असावा तशी बघत होती.

डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. "कब से है ये?"

"इंजेक्शन के दूसरे महीने से. पहले झुनझुनी होती थी. अब कुछ पता नहीं चलता."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं. इंजेक्शनं काही आठवडे थांबली, मग कमी मात्रेत सुरू झाली.

घरी आल्यावर मी विचारलं, "पायाला मुंग्या येतात हे सांगितलं का नाहीस?"

"डोस कमी केला असता ना."

"अगं, पण मला तरी—"

"रिपोर्ट हातात आला की तुमचा चेहरा कसा होतो, बघितलाय कधी? लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हता." मग म्हणाली, "आणि तुम्ही विचारलं नव्हतं."

पुढच्या पावसाळ्यात रोग उलटला, आणि दिवाळीच्या आधी ती गेली. मी वेळेवर विचारलं असतं तर मात्रा आधीच बेताची झाली असती, पाय वाचले असते, कदाचित औषध मध्ये थांबवावं लागलं नसतं. कदाचित काहीच बदललं नसतं. प्रयोगशाळेत आम्ही शेजारी त्याच पेशींची दुसरी बशी ठेवतो, औषध न घातलेली, ताडून पाहायला. इथे ताडून पाहायला दुसरी ती नव्हती.

त्या हिवाळ्यात, फोड भरेपर्यंत रोज दुपारी, अंगणात ऊन आलं की मी तिचे पाय धूत असे. पाण्यात आधी माझं कोपर बुडवून बघायचो.

"गरम आहे का हो?" ती विचारायची.

"कोमट आहे."

"बरं," म्हणून ती पाय पाण्यात सोडायची आणि फाटकाबाहेरच्या भाजीवाल्याला मटार कसे दिले ते विचारू लागायची.