जांभळी तळे : पाणी आहे

गोकुळ भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शहरात पुंडलिकनगरला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहणारा, सिडकोतल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा, तिशीतला धडधाकट गडी. पण गल्लीत पाण्याचा टँकर वळायला उशीर झाला की हा दारापासून गल्लीपर्यंत खेपा घालायचा. घरातले ड्रम काठोकाठ भरलेले असले तरी झोपण्याआधी हा झाकणं उचलून आत हात घालून बघायचा. बायको हसायची. तिच्या माहेरी बारमाही विहीर, तिला काय कळणार?

गोकुळचं बालपण मेंढरांमागं गेलं होतं. बाप बन्सी, आई आवडाबाई, धाकटी बहीण सोनिया, ओझ्याचा घोडा आणि मेंढरांचा कळप, असं त्यांचं बिऱ्हाड लासूर स्टेशनच्या बाजूनं निघून उन्हाळ्यात गंगापूरकडं, गोदावरीच्या अंगाला सरकायचं. मुलानं शिकावं म्हणून बापानं त्याला आश्रमशाळेत घातलं. तिथून तो कॉलेजात आणि कॉलेजातून कॉम्प्युटरपुढं जाऊन बसला. बाकीचे तिघं अजून चालतच होते.

रविवारी गोकुळ मराठीत प्रोग्रॅमिंगची टिपणं लिहून आपल्या वेबसाइटवर टाकायचा. इंग्रजीच्या धास्तीनं खेड्यातली पोरं या धंद्यात मागं राहतात, हे त्यानं स्वतःवरून ओळखलं होतं. ही टिपणं मात्र त्याची खरोखर चांगली असत. वेब एपीआय म्हणजे काय, हे त्यानं असं समजावलं होतं : ‘उन्हाळ्यात कळप हलवण्याआधी बिऱ्हाडातला एक माणूस पुढं जातो. पुढच्या तळ्यात पाणी आहे का, ते बघून येतो आणि सांगतो. तोवर कळप जागचा हलत नाही. तुमचं ॲप म्हणजे कळप, आणि एपीआय म्हणजे हा पुढं गेलेला माणूस. त्याला प्रश्न विचारायचा, त्यानं उत्तर आणायचं.’

किती सोपं आणि सुरेख! वाचणाऱ्या पोरांनी त्याची फार वाहवा केली. पण त्यानं एक गोष्ट लिहायची सोडून दिली. त्याच्या घरात नुसत्या उत्तरावर कळप कधीच हलला नव्हता. पुढं जायचा तो फकिराकाका, बन्सीचा धाकटा भाऊ. परत आला की तो बोलायचाच नाही. बन्सीपुढं मूठ धरायचा. बन्सी त्याची बोटं उघडून बघायचा. आत ओला चिखल असला तरच कळप उठायचा. सख्ख्या भावाच्या शब्दावर भरवसा नव्हता असं नाही. पण तहानलेल्या माणसाला लांबून चकाकणारी जमीनही पाणी वाटते, आणि मुठीतला चिखल कुणाला नुसता वाटू शकत नाही.

पुढं फकिराकाका वाळूजला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. शहर त्या बाजूला वाढत चाललं होतं, माळरानांवर प्लॉटच्या खुणांचे दगड रोवले जात होते आणि गेटं वाढली तसे वॉचमनही लागत होते. त्याच्या जागी आवडाबाई पुढं जाऊ लागली. ती आता साठीला आली होती आणि तिचे गुडघे बोलत होते.

त्या वर्षी पावसाळा कोरडाच गेला. चैत्रातच विहिरींचे तळ दिसू लागले. गोकुळनं टिपणासोबत एक नमुन्याचं ॲप करायला घेतलं : कोणत्या तळ्यात पाणी आहे, ते नकाशावर दाखवणारं. खरी माहिती देणारी सोय त्याला कुठं मिळाली नाही. मग नमुन्याला चालतंय म्हणून उत्तरं त्यानं स्वतःच लिहून ठेवली. तळ्यांची नावं काल्पनिक घालावीत तर ती निर्जीव वाटली असती. त्यानं आपल्या बिऱ्हाडाच्या वाटेवरची खरी नावं घातली. पहिलंच नाव जांभळीच्या तळ्याचं, तिथं तो लहानपणी डुंबला होता. समोर निळा ठिपका आणि अक्षरं : ‘जांभळी तळे : पाणी आहे.’ पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ही माहिती नमुन्यादाखल आहे’ असंही लिहिलं. झालं, याच्या मते काम चोख झालं.

आणि कौतुकाच्या भरात त्यानं ते सोनियाला पाठवलं. ‘बघ, आपलं तळं फोनात आलं.’ एवढंच लिहिलं. वेडा कुठला.

वैशाखातल्या एका दुपारी, गोकुळ कंपनीत जेवणाचा डबा उघडत असताना, सोनियाचा फोन आला. मागून मेंढरांचा आवाज येत होता, पण नेहमीसारखा नव्हता. घोगरा होता.

“दादा, आमी जांभळीच्या वाटंला लागलो,” सोनिया म्हणाली. “कालपास्नं मेंढरांस्नी पानी नाय. पन आता काय, तळ्यावर पोचलो की झालं.”

“पुढं कोण गेलं होतं?”

“कुनीच नाय. आय निघाली व्हती, पन तिचे गुडघे लई दुखत्यात. आबा म्हनले, कशाला जाती? आपला गोकुळ फुडंच हाय की. त्यानं बघूनच लिव्हलं असंल.”

“सोने, ऐक! ते खरं नाही! सोने?”

फोन तुटला होता. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा लावला. रेंज नव्हती. आधी त्यानं ते ॲप पुसून टाकलं, जणू पुसल्यानं चालती मेंढरं थांबणार होती. मग बाटल्या भरल्या, कार्यालयातला पाण्याचा जार मोटारसायकलला बांधला आणि गंगापूरच्या रस्त्याला लागला.

वाटेत त्याला एकेक गोष्ट आठवत गेली. जांभळीच्या अलीकडं कुठं पाणी नाही. पलीकडंही मोठा माळ आहे. तहानलेलं मेंढरू माघारी फिरत नाही, ते बसतं. आणि बसलं की उठवता येत नाही. आबांना ऊन सोसत नाही, गेल्या साली ते असेच कोसळले होते. घशाला कोरड पडली, पण त्याला बाटलीतलं घोटभर पाणी प्यायचाही धीर होईना. गाडीवर एकटाच तो मोठमोठ्यानं खंडोबाला हाका मारत होता, आणि एरवी हाच गडी देवळात हात जोडायला लाजायचा.

जांभळीचं तळं उरलंच नव्हतं. नव्या रस्त्याच्या भरावासाठी त्यातला मुरूम उपसून नेला होता. मोठा खड्डा, कडेला यंत्रांच्या चाकांचे चरे आणि तळाशी भेगाळलेली पांढरी माती. त्या मातीत मेंढरं बसली होती. एकमेकांच्या पोटाखाली तोंडं खुपसून, गप्प. इतकी मेंढरं एका जागी आणि आवाज नाही, हे गोकुळनं जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, सगळं संपलं.

आवडाबाई बाभळीच्या तुटक सावलीत होती. मांडीवर कोकरू. स्वतःच्या वाट्याचं पाणी पदराच्या टोकानं कोकरांच्या तोंडात पिळून पिळून तिनं संपवलं होतं. तिचे ओठ फुटले होते. गोकुळनं बाटली तिच्या तोंडाला लावली तेव्हा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “आधी त्येंला.” त्येंला म्हणजे बन्सीला. बन्सी दोन मेलेल्या कोकरांपाशी उभा होता.

गोकुळ बापासमोर जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, आता काठी बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

“आबा, ते खोटं व्हतं. मी नमुना म्हनून...” आईबापापुढं त्याची शहरी भाषा गळून पडायची. “मी नाय बघितलं तळं.”

बन्सीनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. आणि त्या न रागावलेल्या डोळ्यांचीच गोकुळला सगळ्यात जास्त भीती वाटली.

“तू लिव्हलं व्हतं, पानी हाय,” बन्सी म्हणाला. “आता जा. बघून ये.”

जारमधलं पाणी माणसांना आणि थोडं घोड्याला पुरलं. गोकुळनं गाडी माळावर घातली. लांब एका ठिकाणी हिरवं दिसत होतं. त्याला ते खरं वाटेना. जवळ जाईपर्यंत तो नको तितक्या वेळा डोळे चोळत होता. ती सोनाजी नावाच्या शेतकऱ्याची मोसंबीची बाग होती. सोनाजी बोअरचं पाणी झाडांना देत उभा होता. गोकुळ गाडीवरून उतरला तो त्याच्या पायांवरच पडला.

“अरे ऊठ, ऊठ,” सोनाजी दचकून म्हणाला. “माझीच झाडं वाळायलीत, बाबा. कळपाला कुठून देऊ?” मग त्यानं माळाकडं पाहिलं. “आण. एकदाच पाजीन. रानात मेंढरं बसव म्हंजे खत तरी होईल.”

गोकुळनं पायपाच्या धारेखाली हात घातला आणि मूठभर चिखल उचलला. एका हातानं गाडी चालवणं म्हणजे मरणाला आवतण, तरी त्यानं मूठ सोडली नाही. ऊन असं होतं की बोटांच्या फटींतून दिसणारा चिखल वाटेतच पांढरा पडू लागला. आत ओल राहील ना, एवढ्या एकाच धास्तीनं तो आला.

बापासमोर त्यानं मूठ धरली. बन्सीनं त्याची बोटं एकेक करून उघडली. वरची माती सुकली होती. बन्सीनं अंगठा खोल दाबला, वास घेतला.

“ओल हाय,” तो म्हणाला. “उठवा.”

त्यातला चिमूटभर चिखल त्यानं पुढच्या मेंढ्याच्या नाकाला लावला. मेंढा धडपडत उभा राहिला, आणि मागून एकेक मेंढरू उठू लागलं. काही उठली नाहीत. गोकुळच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. आईला त्यानं घोड्यावर बसवलं.

सोनिया मात्र हलेना. ती फोन हातात धरून उभी होती.

“दादा,” ती म्हणाली, “तू ते पुसलंबी असशील. पन मी त्येचा फोटू काढला व्हता. पुंजाराममामाच्या बिऱ्हाडाला धाडला. म्हनलं, माझ्या भावानं केलंय.”

“आणि मामानं?”

“त्येंनी फुडं धाडला. ज्येच्याकडं ज्येच्याकडं फोन हाय, त्येंला.”

गोकुळनं वर पाहिलं. लासूरच्या अंगाला, माळाच्या कडेला, कळप चालल्याची धूळ जमिनीलगत उठली होती. जरा उजवीकडं आणखी एक रेघ होती, किंवा ती त्याला वाटत होती. सोनाजीनं एकाच कळपाला पाणी कबूल केलं होतं.

बन्सीनंही धूळ पाहिली. त्यानं मुलाच्या तळहातावर उरलेला ओला चिखल तसाच राहू दिला, आणि त्याची बोटं आपल्या हातानं पुन्हा मिटवली.

“जा,” तो म्हणाला. “त्येंच्या फुडं जा. सांग, पानी नाय.”